परत घेतलेलं वाण

आमच्या कॉलनीत कुणाला उचकी लागली, तर ते माणूस पाणी पिण्याआधी प्रेमलाताईंकडे जायचं. मी हे थट्टेनं सांगते आहे, पण यात थट्टा थोडी आणि खरं जास्त आहे. विजापूर रोडच्या आतल्या बाजूला आमची चाळीसेक बैठी घरं. त्यांत प्रेमलाताईंचं घर माझ्या बरोबर समोर. मी चेतना. टपाल खात्यात कारकून होते, आता निवृत्त आहे. मला लहानपणापासून दमा आहे आणि तोंड फटकळ आहे. दोन्ही दुखणी जन्माची आहेत, असं घरचे म्हणतात.

प्रेमलाताई मूळच्या माळशिरसकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. बारावी सायन्स झाल्या आणि लग्न होऊन सोलापुरात आल्या. पुढं शिकायचं मनात होतं, ते मनातच राहिलं. मग एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागल्या आणि एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. विज्ञानाचे सर येत-जात राहिले, ताई तिथंच. नव्या सरांना आठवड्याभरात कळून चुकायचं की कुठली बाटली कुठल्या फळीवर आहे हे तर या बाईला माहीत आहेच, पण ती कशात ओतली तर काय होईल हेही आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. पोरं त्यांना लॅबमावशी म्हणायची.

निवृत्तीनंतर त्यांनी एक नाद लावून घेतला. दर रविवारी संध्याकाळी दारातल्या पायरीवर बसायचं आणि ज्याला जे विचारायचं असेल ते विचारू द्यायचं. सुरुवातीला पोरं यायची, मग पोरांच्या आया यायला लागल्या, आणि आयांनी घरी जाऊन सांगितलेलं खरं आहे का ते बघायला बापही यायला लागले. पायाला मुंग्या का येतात? कांदा चिरताना डोळ्यांत पाणी का येतं? शेंगाचटणी झोंबली की पाण्यानं उतरत का नाही?

"अगं, जीभ भाजलेलीच नसती," त्या सांगायच्या. "मिरची मेंदूला खोटी वर्दी देती, आग लागली म्हणून. पाण्यानं मिरची धुतली जात न्हाय, नुसती पसरती. दूध पी, न्हायतर ताक पी."

एकदा अक्कलकोटकडच्या दानम्मानं विचारलं, साडीवरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल का होतो. ताईंनी तिला तिच्याच घरातून हळद, पान खायचा चुना आणि लिंबू आणायला लावलं. हळदीत चुना कालवला, झाली लाल. वर लिंबू पिळलं, झाली परत पिवळी. "कुंकू असंच करायचे पूर्वी," ताई म्हणाल्या. दानम्मा दहा मिनिटं "अय्यो, अय्यो" करत ती वाटी घरोघर दाखवत फिरली.

पण त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला तो अशा करामतींमुळे नव्हे. शेजारची रेश्मा एका दुपारी न्हाणीघर चकाचक करायच्या नादात ब्लीचिंग पावडरीवर फरशी धुवायचं ॲसिड ओतत होती. ताईंना रस्त्यावरून वास आला. त्या आत घुसल्या, रेश्माला दंडाला धरून बाहेर ओढली आणि तिच्या सासूसमोर तिला असं काही झापलं की मला माझे पोस्टमास्तर आठवले. क्लोरीन हा शब्द त्या दिवशी आमच्या कॉलनीला पाठ झाला. तेव्हा रेश्माचं बाळ चार महिन्यांचं होतं.

आणि दुसरं असं की त्यांना एखादी गोष्ट माहीत नसली तर त्या तसं सांगायच्या. समोरचा जांभई देतो तेव्हा आपल्यालाही का येते, असं मी विचारलं होतं. "पक्कं कुणालाच म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. "अंदाज लई हायत. अंदाज सांगू का?" मला हे फार आवडलं. आमच्या खात्यात 'माहीत नाही' म्हणणारा साहेब मी तेहतीस वर्षांत पाहिला नव्हता. तेव्हापासून त्या जे सांगतील ते मी डोळे मिटून मानत आले. मावशी म्हणाल्या म्हणजे झालं, असं कॉलनीतलं वाक्यच होतं. ही एवढीच त्यांची कमाई होती आणि ती त्यांना पेन्शनपेक्षा मोठी वाटायची, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

त्यांना मूलबाळ नाही. पण बहीण तानाबाई हिचा मुलगा अवधूत पाचवीपासून बारावीपर्यंत त्यांच्याकडेच वाढला. तानाबाईचं घर श्रीपूरजवळ, उसाच्या पट्ट्यात. पोरगं हुशार, तिकडं शाळा बरी नाही, म्हणून ताईंनी आणलं. शनिवारी शाळा सुटली की तो प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर नळ्या धुवायचा. लिटमस कागद खिशात घालून फिरायचा आणि दिसेल त्यात बुडवायचा, एकदा माझ्या कढीतसुद्धा. ताईंचे यजमान सयाजीराव सूत रंगवायच्या कारखान्यात होते. रात्रपाळी करून आल्यावर झोपायच्या आधी ते पोराला सायकलवरून शाळेत सोडायचे. एवढं त्या दोघांनी केलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

अवधूत पुढं शेतकीचा डिप्लोमा करून गावी गेला आणि तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचं गुऱ्हाळ टाकलं. मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा मी ताईंच्याच घरी होते, कडक भाकरीवर चटणी घेऊन बसले होते. त्यानं पिशवीतून दोन ढेपा काढल्या. एक तांबूस-काळी, एक मधासारखी पिवळी.

"मावशी, काळा तुझ्या घरी खायला. जुन्या उसाचा हाय, गोडीला चांगला," तो म्हणाला. "आन् पिवळा इकायचा. ह्यो तू तपासून दे. तू बरा म्हनलीस तरच इकतो."

ताई जागेवरून उठल्या त्या अशा की वय विसरल्या. कपाटातून ॲसिडची छोटी बाटली काढली, पिवळ्या गुळाचा खडा वाटीत घेऊन त्यावर चार थेंब टाकले. फेस आला नाही. खडा पाण्यात विरघळवून ठेवला, तळाला काही बसलं नाही. "सोडा न्हाय. खडू न्हाय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा बोर्डात आलेल्या पोराच्या आईसारखा झाला होता.

तेव्हा अवधूतनं विचारलं, "मावशी, तुझ्या ह्या तपासणीत काय काय सापडतं, आन् काय सापडत न्हाय?"

मला तेव्हा वाटलं, पोराची जिज्ञासा अजून जिवंत आहे. ताईंना तर काय, असा प्रश्न म्हणजे पुरणपोळी. त्यांनी मांडी घालून सगळं सांगितलं. धुण्याचा सोडा सापडतो, खडू सापडतो, वरून मारलेला रंग बहुतेक सापडतो. "हायड्रॉस मात्र न्हाय सापडत हां. रस पिवळा करायला टाकत्यात ती पावडर. तिला आयोडीन लागतं, खात्री करायची तर मोठी लॅबच लागती. ॲसिडनं ती कळत न्हाय." अवधूत मान हलवत ऐकत होता. मग त्यानं मावशीचा फोटो काढला.

महिन्याभरात पुड्या आल्या. पिवळाधमक गूळ, वर ताईंचा फोटो आणि खाली 'प्रेमलामावशींच्या कसोटीला उतरलेला'. ताईंनी पहिली पुडी देवापुढं ठेवली. दोन रस्त्यांपलीकडच्या किराणा दुकानात माल लागला आणि कॉलनीतल्या निम्म्या घरांनी तो घ्यायला सुरुवात केली. मी तर दोन किलो एकदम घेऊन डब्यात भरला. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलेली, आणि मला जेवणानंतर गुळाचा खडा लागतो.

डिसेंबरात माझी छाती वाजायला लागली. थंडीत वाजतेच, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मधे पाच दिवस करमाळ्याला बहिणीकडे गेले, तिथं थंडी इथल्यापेक्षा जास्त, तरी एकदाही दम्याचा पंप ओढावा लागला नाही. घरी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा छातीत शिट्टी सुरू. मी रविवारी पायरीवर जाऊन हा प्रश्न टाकला. बाहेर बरी, घरात आजारी, असं का?

ताईंनी वही काढली. हा त्यांचा आवडता खेळ होता, फक्त या वेळी तो माझ्या फुप्फुसांवर होता. घरात काय आहे जे करमाळ्यात नव्हतं, ते सगळं सांग म्हणाल्या. डासांची कॉइल. फिनेल. नवी चादर. उदबत्ती. शेंगाचटणी. गूळ.

"एकेक गोष्ट चार-चार दिवस बंद कर," त्यांनी सांगितलं. "कॉइल पयली. मग फिनेल, मग उदबत्ती. गूळ सोडून सगळं करून बघ. गूळ आपला तपासलेला हाय."

मी डोळे मिटून मानलं. कॉइल बंद केली आणि डासांनी फोडून काढलं. उदबत्ती बंद केली. चटणीसुद्धा बंद केली. सोलापुरात राहून चटणी बंद करणं म्हणजे काय ते सांगत नाही. गूळ मात्र दोन वेळा चालूच होता.

संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकवाला वाण म्हणून बायका प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या वड्या लुटतात. प्रत्येक घरात एकावर एक अशा सात चाळण्या झाल्या आहेत. ताई यंदा म्हणाल्या, मी पोटात जाईल असं वाण देणार. त्यांनी अवधूतकडून पाव-पाव किलोच्या चाळीस पुड्या मागवल्या आणि घरटी एक दिली. प्रत्येकीच्या ओटीत घालताना त्या म्हणत होत्या, "माझ्या भाच्याच्या हातचा हाय. पोरांना खुशाल द्या." मी रांगेत तिसरी होते.

चार दिवसांनी भर दुपारी मी भांडी आवरता आवरता खाली बसले ते उठता येईना. पंप ओढला, पुन्हा ओढला, श्वास आत जाईना. रेश्मानं खिडकीतून पाहिलं. तिनं आणि ताईंनी मला रिक्षात घातलं. दवाखान्यात वाफ दिली, सुई दिली, दोन दिवस ठेवून घेतलं. मरणाची भीती मला त्या रिक्षात पहिल्यांदा वाटली. ताई माझा हात धरून सारखं म्हणत होत्या, "कशानं होतंय गं हे? काय राहिलंय तपासायचं?"

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सयाजीराव समाचाराला आले. ताई मागून येतच होत्या. आमच्याकडे कुणी आलं की आधी गूळ-पाणी देतात, तशी मी डब्यातून दोन महिन्यांपूर्वीच्या गुळाची ढेकळं काढून ताटलीत ठेवली. सयाजीरावांनी खडा फोडला आणि तो तोंडात घालायच्या ऐवजी डोळ्यांजवळ नेला. बाहेरून खडा तपकिरी पडला होता, आतून पिवळाच होता.

"ह्यो आमचा रंग हाय," ते म्हणाले.

सयाजीराव फार बोलणारे नाहीत. त्यांना विचारावं लागलं. मग त्यांनी सांगितलं की निळा पक्का रंग हौदात घालताना आधी हायड्रॉस टाकतात. निळा रंग मरून पिवळट होतो, सूत तसंच पिवळट बाहेर येतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं व्हायला लागतं. "पावडर रंग मारती, हवा परत आनती. ह्याचं बी तसंच झालंय. आमच्या घरचा काळा कधी असा बदलला न्हाय."

ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या तशाच घरी गेल्या आणि भाताची पेज, जखमेला लावायचं आयोडीन, त्यांच्या घरचा काळा गूळ असं सगळं घेऊन माझ्या टेबलावर मांडलं. पेजेत आयोडीनचा थेंब टाकला, ती निळीशार झाली. दोन वाट्या केल्या. एकीत काळ्या गुळाचं पाणी थेंब-थेंब सोडलं. निळा जरा मळकट झाला, पण राहिला. दुसरीत माझ्या डब्यातल्या गुळाचं सोडलं. चौथ्या थेंबाला निळा उडाला. त्यांनी संक्रांतीच्या वाणाची पुडी फोडायला लावली. तिच्यात तर दुसऱ्याच थेंबाला पेज पांढरी.

"ह्याला पुरावा म्हणत न्हाईत," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतल्यासारखा होता. "लिंबू पिळलं तरी निळा उडतो. पण दोन गुळांत फरक हाय, एवढं खरं."

मी तेव्हा बोलायला नको होतं. पण दोन दिवस सुया टोचून घेतलेल्या बाईनं किती गप्प बसायचं? "ताई, माझी चटणीसुद्धा बंद केलीत तुम्ही," मी म्हटलं. "मग गूळ सोडून, असं का म्हणालात?"

"माझा हुता म्हणून," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझ्यासमोरच अवधूतला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, बहुधा स्वतःला शिक्षा म्हणून. आधी तो हसला. मग म्हणाला, रस गाळायला थोडं वापरतात सगळेच. मग म्हणाला, "मावशी, गिऱ्हाइकाला पिवळाच लागतो. काळा ठेवला की लोक म्हनत्यात, मळी मिसळली. मी काय करू?"

"मग माझ्या घरी काळा का पाठवतोस?"

 गुऱ्हाळावर कुणीतरी कुणाला हाका मारत होतं, ते ऐकू येत होतं.

"तू खाणार म्हणून," तो म्हणाला.

"आन् चेतना? ती दवाखान्यात हुती. तिला दमा हाय, तुला म्हाईत न्हाय?"

"सगळ्यांना कुटं होतंय, मावशी? एखाद्याला होतंय." मग त्याचा आवाज चढला. "आन् तूच तर सांगितलं हुतंस. ह्यात हायड्रॉस सापडत न्हाय म्हणून तूच शिकवलंस मला."

ताईंनी फोन ठेवला नाही. तो तिकडूनच ठेवला गेला. त्या खुर्चीत बसल्या आणि समोरच्या दोन वाट्यांकडे बघत राहिल्या. मी अवधूतला शिव्यांची लाखोली वाहिली. आमच्या खात्यातल्या शिपायांकडून शिकलेल्या, वर्षानुवर्षं न वापरलेल्याही त्यात होत्या.  सयाजीराव म्हणाले, "सायकलवरनं सोडायचो की गं त्याला." आणि ते उठून गेले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, अशा पावडरीचा अंश सगळ्यांना बाधत नाही, पण दम्याच्या काही रोग्यांना बाधतो. गूळ बंद करून बघा. मी बंद केला आणि माझी शिट्टी आठवड्यात थांबली.

आता खरी गोष्ट पुढं आहे. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. त्या दिवसांत प्रेमलाताई रिकामी पिशवी घेऊन घरोघर गेल्या, दिलेलं वाण परत मागायला. असं आमच्याकडे कुणी केलेलं नाही. वाण एकदा ओटीत पडलं की ते परत घेत नाहीत, देतही नाहीत. ताईंना हे माहीत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, नुसतं सांगून या, खाऊ नका म्हणून. त्या म्हणाल्या, "सांगितलं तर ठेवून देतील. आन् पाहुणा आला की त्यालाच देतील." म्हणून मीही बरोबर गेले, चालून दम लागला तर कुणाच्याही पायरीवर बसायचं असं ठरवून.

दानम्मानं दारातच कानावर हात ठेवले. "अय्यो ताई, दिलेलं वाण परत घेतंय का कोन? घरातली लक्ष्मी भायेर घातल्यागत होतंय." तिनं पुडी दिली नाही. दोघी-तिघींनी संपली म्हणून सांगितलं. एकीच्या स्वयंपाकघरात ती फळीवर मला दिसत होती. एक म्हणाली, आम्हाला काही झालं नाही बाई, आणि हा चवीला बरा आहे. एकीनं आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, भाच्याशी काहीतरी बिनसलं असेल. ते आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. ताई प्रत्येक दारात तेच वाक्य बोलल्या. "मी तपासला न्हाय नीट. माझी चूक हाय." भाच्यानं फसवलं, असं त्या एकाही दारात म्हणाल्या नाहीत. मला त्याचाच राग आला आणि मी दोन दारांत ते म्हणून टाकलं.

रेश्मानं पुडी लगेच आणून दिली. मग ती घुटमळली. बाळ तिच्या कडेवर होतं.

"मावशी, राग नका मानू," ती म्हणाली. "पण मग बाळाला ताप आला तेव्हा तुम्ही म्हणालात, गार पाण्यानं नको, कोमट पाण्यानं अंग पुसा. ते बरोबर होतं का?"

ताईंचा चेहरा मी आधी कधी असा पाहिला नव्हता. दवाखान्याच्या रिक्षातही नाही. "ते बरोबर हुतं," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरांना इचारून घे."

चाळीसपैकी सतरा पुड्या परत आल्या. त्यांतल्या चार त्यांनी पत्र लिहून अन्न तपासणीच्या कार्यालयात दिल्या, स्वतःच्या भाच्याचं नाव-गाव घालून. पत्राचं शुद्धलेखन मी केलं. अहवाल यायचा आहे. तानाबाईचा फोन मात्र लगेच आला. एकच पोरगं हाय माझं, तू तुझं नसल्यावर माझं खायला निघालीस, असं ती मोठ्या बहिणीला म्हणाली. ताईंनी ते मला चहा गाळता गाळता सांगितलं आणि गाळणी बराच वेळ तशीच धरून ठेवली. किराणा दुकानात जाऊन त्यांनी आपला फोटो काढायला सांगितलं, तर दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमच्या फोटोवरच तर खपतोय. माल संपू द्या." माल अजून संपलेला नाही.

रविवारच्या पायरीवर त्या अजून बसतात. पहिल्या रविवारी तीन पोरं आली, दुसऱ्या रविवारी एक. आयांनी पोरांना सांगितलं असावं, किंवा पोरांच्या परीक्षा असतील. मी जाते. मी मुद्दाम एखादा प्रश्न घेऊन जाते, नाव ओठांवर येऊन अडतं ते का, डोकं दुखतं तेव्हा मेंदू दुखतो का, असे. पूर्वी त्या मांडी घालून सुरू व्हायच्या. आता आधी म्हणतात, "मला वाटतं," आणि मग अर्ध्यावर थांबतात. अवधूतनं त्यांच्याकडून नेमकं काय नेलं, ते मला तिथं बसल्यावर कळतं आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

परवा दुपारी त्या माझ्याकडे आल्या. डॉक्टरांनी मला नवा पंप दिला होता, रोज दोन वेळा ओढायचा. तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाल्या, "हा ओढल्यावर चूळ भरत जा. न्हायतर जिभंवर पांढरं येतं." मी हो म्हटलं. तू बस, मी चहा टाकते, असं म्हणून त्या आत गेल्या, माझ्या घरात त्यांना सगळं सापडतं.

मी फोन उचलला. का उचलला ते मला सांगता येणार नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरला हळू आवाजात विचारलं, पंप ओढल्यावर चूळ भरायची असं आमच्या शेजारच्या बाई म्हणतात, ते बरोबर आहे का? तो म्हणाला, बरोबर आहे, डॉक्टर सांगायला विसरले असतील.

फोन ठेवून वळले तर ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात दोन कप होते.

"बरोबर हाय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग भर चूळ."

त्यांनी दोन्ही कप टेबलावर ठेवले आणि आपला न पिताच घरी गेल्या. अवधूतला मी एवढ्या शिव्या दिल्या होत्या, त्यातली एक तरी त्या दुपारी मला कुणी द्यायला हवी होती. मी मोरीपाशी गेले आणि चूळ भरली. परत येईपर्यंत दोन्ही कपांवर साय धरली होती.